सशाचे केस गळतायत की त्याला खाज सुटलीय? आधी हे बघा

हाय मंडळी, हा काळा टीशर्ट मी आज मुद्दाम घातलाय. बघा, दहा मिनिटं माझ्या सशाला, लाडूला, मांडीवर घेतलं तर ही अवस्था, घरात गादीवाला कापूस पिंजून गेल्यासारखं वाटतंय. तुमच्याकडे ससा असेल तर सोफ्यावर, चहात, वरणात सगळीकडे केस, हे तुम्हाला सांगायला नको.

तर पहिली गोष्ट, केस गळणं हा आजार नाहीये. ससे वर्षातून दोनदा तरी जोरात कात टाकल्यासारखे केस टाकतात, मधे मधे थोडे थोडे चालूच असतात, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सशांना रात्री अकरापर्यंत लाईट, वर एसी, त्यामुळे त्यांचं शरीर ऋतूबाबत कन्फ्यूज होतं आणि केस कधीही गळतात. बऱ्याचदा हे डोक्याकडून सुरू होऊन पाठीवरून मागे सरकत जातं, मधे एक रेघ पण दिसते, जुने केस एका बाजूला आणि नवे दुसऱ्या. केस फुंकून बाजूला करा, खाली बारीक नवीन लव आणि स्वच्छ गुलाबी कातडी दिसली की निवांत राहा.

खाज मात्र नॉर्मल नाही. म्हणजे एखाद वेळी कान खाजवला तर ठीक, कोण नाही खाजवत, पण सारखं मागच्या पायाने खरडणं, टक्कल, खपल्या, लालसर कातडी, असं काही दिसलं तर ते 'सीझन आहे' म्हणून सोडून देऊ नका. माझ्याकडून हेच झालं होतं. लाडूच्या मानेमागे कोंडा दिसायला लागला, मी म्हटलं हवा कोरडी असेल. मग माझ्याच हातावर बारीक पुरळ उठलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तो कोंडा चालत होता हो! खरंच. केसात राहणारे माइट्स, म्हणजे गोचिडासारखे बारीक जीव असतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही छोटे, आणि ते हलतात म्हणून कोंडा हलल्यासारखा दिसतो. लिखा काढायची बारीक फणी घ्या, काळ्या कागदावर केस विंचरा, भिंग असेल तर त्यातून बघा. माणसावर ते घर करत नाहीत पण चावून खाज आणतात. आणि हे मानेच्या मागे नाहीतर शेपटीच्या वर जास्त का दिसतं, तर तिथे सशाचं तोंड नीट पोचत नाही. ससा जाड असेल किंवा त्याचे दात दुखत असतील तर तो स्वतःला साफ करणंच कमी करतो आणि माइट्सचं फावतं, म्हणून डॉक्टरांना दात पण बघायला सांगा, सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात.

कानात चॉकलेटी, कॉर्नफ्लेक्ससारखे थर दिसले तर ते वेगळे माइट्स. ते थर नखाने काढायचे नाहीत!! खाली कातडी सोललेली असते, बिचाऱ्याला प्रचंड दुखतं, औषध लागू पडलं की ते आपोआप सुटतात.

आता हे नीट ऐका. मी दुकानात गेले, 'सशाला खाज येते' म्हटलं, त्याने कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब हातात ठेवले, वर म्हणाला सगळ्या प्राण्यांना चालतं. बॉक्सवर लिहिलं होतं फिप्रोनिल. हे सशांना चालत नाही, फिट येऊन ससा जाऊ शकतो. सशांसाठी सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन वापरतात, पण वजन करून, डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि डोस परत द्यावा लागतो कारण अंड्यांवर औषध चालत नाही. पिंजऱ्यातलं अंथरूण, चादरी सगळं धुवायचं, घरात दुसरा ससा असेल तर त्याची पण ट्रीटमेंट.

आमची आजी म्हणाली कडुनिंबाच्या पाल्याने अंघोळ घाल, खोबरेल चोळ. आजीचं प्रेम कळतं, पण सशाला अंघोळ नको, तो घाबरतो, दाट केस वाळता वाळत नाहीत, गारठतो. आणि तेल तो चाटून पोटात घालणार.

पोटावरून आठवलं, ससा उलटी करू शकत नाही. चाटलेले केस पुढेच सरकायला हवेत, त्यासाठी गवत, ताटातलं मुख्य खाणं गवतच. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत मिळतं, ते महाग पडतं मान्य आहे, फवारणी नसलेली स्वच्छ हरळी मिळाली तर मिसळा. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर विंचरणं वाढवा, गळतीच्या दिवसात रोज, पण हलक्या हाताने, कातडी फार नाजूक असते. आणि अर्धा दिवस खाल्लं नाही किंवा लेंडीच नाही तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टर गाठा.

हां, मादी असेल आणि छातीचे केस स्वतःच उपटून कोपऱ्यात घरटं करत असेल तर ती खोटी गरोदर असू शकते, माइट्स नाही. तो व्हिडिओ वेगळा करते, आता लाडूने माइकची वायर धरलीये, ए सोड, सोड ती...