गलबतं कोणी जाळली?

मंडळी, शोकात्म खलनायकावर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे पहिल्या दहा मिनिटांत कर्ण येतोच. म्हणून मी त्याला पहिल्याच मिनिटाला आणतो आणि नमस्कार करून बाजूला बसवतो. कर्णाची गोष्ट आपल्या मनात अन्यायाची गोष्ट म्हणून रुजलेली आहे. नेमकी तीच गोष्ट व्हिडिओ गेम लिहिणाऱ्यांना सोपी वाट वाटते. आधी खलनायक उभा करायचा, मग त्याला दुःख चिकटवायचं. गाव जळालं, आई गेली, भावाने दगा दिला. शेवटच्या लढाईआधी दोन मिनिटांचा पूर्वरंग दाखवला की झालं. आपण बटण दाबून तो पुढे ढकलतो, कारण त्यात आपलं काहीच गुंतलेलं नसतं.

मला ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याच्यावर कुणीही अन्याय केलेला नाही. त्याचं नाव आर्थस. ब्लिझार्ड कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट 3’ हा गेम 2002 साली आला, त्यातला हा राजपुत्र. बाप लॉर्डेरॉनचा राजा, तोही चांगला. गुरू उथर, धर्मयोद्ध्यांमधला सगळ्यात मोठा. जेना नावाची हुशार जादूगार त्याच्यावर प्रेम करते. कमी काय? काहीच नाही.

आपल्याकडे अनेकांना हा गेम ठाऊक आहे तो सायबर कॅफेतल्या ‘डोटा’मुळे. डोटा म्हणजे याच गेमवर हौशी लोकांनी रचलेला नकाशा, म्हणजे त्यातच खेळायचा वेगळा खेळ. पोरं दोन टोळ्या करून तासन् तास तेच खेळायची, मूळ गोष्टीकडे फार कुणी फिरकायचं नाही. मी फिरकलो, कारण माझ्याकडे घरी संगणक होता आणि इंटरनेट नव्हतं.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गेममध्ये आपण वरून रणांगण बघतो, माउसने सैनिक निवडतो आणि त्यांना हुकूम देतो. पहिली मोहीम नऊ अध्यायांची, आणि तिच्यात आपण आर्थसच्या बाजूचे. राज्यात साथ पसरलेली असते. पाठलाग करता करता कळतं की साथ धान्यातून येतेय. धान्य खाणारा माणूस मरतो आणि शत्रूच्या सैन्यात प्रेत होऊन उभा राहतो. सहाव्या अध्यायात आर्थस स्ट्रॅथोम शहराच्या वेशीवर पोचतो. धान्य आधीच वाटून झालेलं असतं, लोकांनी ते खाल्लेलंही असतं. तो म्हणतो, अख्खं शहर संपवायचं. उथर नकार देतो. आर्थस त्या नकाराला राजद्रोह ठरवून गुरूला पदावरून दूर करतो. जेना पाठ फिरवून निघून जाते. आणि मग पडद्यावरच्या बाहुलीचा ताबा आपल्या हातात येतो.

आता काम काय? घरं फोडायची, आतल्या लोकांना मारायचं. मॅलगॅनिस नावाचा राक्षसही त्याच लोकांना आपल्याकडे ओढत असतो. कोपऱ्यात दोन आकडे चालू असतात, एक आपला, एक त्याचा. जो आधी 100 गाठेल तो जिंकला. माझा धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. माझा आकडा साठच्या पुढे गेला होता, राक्षस जवळ येत होता, आणि मी मान पुढे घालून क्लिक करत होतो. त्याने विचारलं, “दादा, ही आपलीच माणसं ना?” मी म्हटलं, “थांब रे, हरू आपण.”

पुढे गेमच्या रचनेवर मी बरंच वाचलं, पण त्या प्रश्नापेक्षा नेमकं मला कुठे सापडलं नाही. लेखकांनी हत्याकांडाचा स्कोअर केला. आर्थसला राक्षसाला हरवायचंय, मला अध्याय संपवायचाय. दोघांनाही पुढे जायचंय. मधे कोण उभं आहे, ते दोघांनाही दिसत नाही.

काही जण म्हणतात, इथे निवड द्यायला हवी होती. नंतरच्या गेममध्ये तशी दोन बटणं असतात, चांगलं वागा किंवा वाईट वागा. मला ते पटत नाही. निवड मिळाली की आपण सज्जनाचं बटण दाबून शांत झोपतो. इथे एकच सुटका होती, संगणक बंद करणं. मी केला नाही.

तरीही माझं म्हणणं असं की आर्थस स्ट्रॅथोममध्ये पडला नाही. त्याचा हिशेब कदाचित बरोबरच होता. औषध कुणाकडे नव्हतं, आणि ते लोक पुढे राज्यावरच चालून आले असते. उथरकडेही दुसरा उपाय नव्हता, फक्त नकार होता. यावर खेळणारे आजही हमरीतुमरीवर येतात, आणि दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. एखादा निर्णय भयंकर असूनही वादाचा असू शकतो.

पडला तो दोन अध्यायांनंतर, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मॅलगॅनिसच्या मागे तो उत्तरेला, बर्फाच्या नॉर्थरेंडमध्ये जातो. उथरच्या सांगण्यावरून राजा सैन्याला परत बोलावतो. सैनिक थकलेले, खूश होऊन किनाऱ्याकडे निघतात. आर्थस भाडोत्री टोळीवाल्यांना पैसे देतो, त्यांच्यासह जवळच्या वाटेने आधी पोचतो आणि स्वतःचीच गलबतं पेटवून देतो. सैनिक येतात तेव्हा तो त्या टोळीवाल्यांकडे बोट दाखवतो, हेच ते, यांनीच जाळली. सैनिक त्यांना कापून काढतात. सोबतचा बुटका योद्धा मुरादिन हे सगळं बघतो आणि त्याला सुनावतोही.

आपल्याकडे धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. तो टेकला एका अर्ध्या वाक्यावर, ‘नरो वा कुंजरो वा’. अठरा अक्षौहिणींच्या संहारात त्या वाक्याचं वजन ते किती! तरी व्यासांनी बोट तिथेच ठेवलं. आर्थसचंही तसंच. शहर मारताना तो जे करतोय ते सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगतो. गलबतं जाळताना पहिल्यांदा खोटं बोलतो, तेही ज्यांच्यासाठी लढतोय त्यांच्याशी. आणि ती गलबतंही आपल्यालाच जाळायला लावतात, घड्याळ लावून.

नंतर येते फ्रॉस्टमोर्न, शापित तलवार. मुरादिन सावध करतो, आर्थस म्हणतो देशासाठी कोणताही शाप झेलीन. तलवार त्याचा आत्मा खाते. घरी परततो तेव्हा लोक गुलाबाच्या पाकळ्या उधळतात. तो सिंहासनापुढे गुडघा टेकतो आणि बापाला मारतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण खरं सांगू? तलवार ही लेखकांनी घेतलेली पळवाट वाटते मला. आत्माच गेला म्हटल्यावर जबाबदारी कुणाची? बरं, गलबतं आधीच जळून गेली होती म्हणून ती पळवाट पुरती चालत नाही.

तुलनेला एक नाव घेतो. 1997 च्या ‘फायनल फँटसी 7’ या गेममधला खलनायक सेफिरॉथ. निबेलहाइम गावाच्या आठवणीत तो आपल्या सोबत असतो, आपण पहिल्या पातळीवर आणि तो पन्नासाव्या. पण त्याचा ताबा आपल्याकडे नसतो, तो आपला आपण लढतो. आपण बघत राहतो, दिपून जातो, पुढे त्याची भीती वाटते. त्याच्या पापात आपला हात नसतो. म्हणून सेफिरॉथचं पोस्टर भिंतीवर लावता येतं. आर्थसचं लावताना मला जरा चोरट्यासारखं व्हायचं.

2008 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या गेमच्या एका अख्ख्या विस्तारात आर्थस मुख्य शत्रू होऊन परतला. तिथे त्याची थोडी रयाच गेली. प्रत्येक प्रदेशात अचानक उगवायचं, धमकी द्यायची आणि आपल्याला जिवंत सोडून निघून जायचं. नाटक कंपनीच्या दौऱ्यावर आल्यासारखं. शेवटी पंचवीस-पंचवीस खेळाडूंचे जथे त्याला मारायला चढायचे आणि त्याच्या अंगावरून काय मिळतं यावर भांडायचे.

पण त्याला मारल्यावर मोजक्या खेळाडूंना, तेही एक फार अवघड कामगिरी पूर्ण केली असेल तरच, एक मोहोरबंद पेटी मिळायची. त्या पेटीत जेनाचं लॉकेट होतं. आत्मा नसलेल्या माणसाने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.