या आठवड्याचा बेत

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी नैराश्याबद्दल बोलणार आहे. चार दिवस वाईट वाटतं आणि पाचव्या दिवशी माणूस कामाला लागतो, त्या उदासीबद्दल नाही. वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या नैराश्याबद्दल. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच भाग मन खालीच राहिलं, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन नैराश्य म्हणतात. काहींना मधे चांगली वर्षं मिळतात आणि मग आजार उलटतो. एकदा येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना तो पुन्हा गाठतो. आपल्या भागात माणसं सांगतात ती वेगळ्या भाषेत : "काय करू वाटंना", "कशात जीव रमंना". आणि घरचे म्हणतात, "मनावर घेऊ नकोस. तुला काय कमी आहे?"

मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे. माझ्या गोळ्या चालू आहेत. सांगलीत अशाच माणसांच्या एका छोट्या गटाचं काम मी एका सहकाऱ्यासोबत पाहते. आम्ही दोघंही डॉक्टर नाही. मला आज एवढंच सांगायचंय की डॉक्टर गोळ्या लिहून देतात, समुपदेशक महिन्यातून तासभर ऐकून घेतात, पण उरलेले सगळे दिवस माणूस आपल्या आजाराबरोबर घरात एकटा असतो. ते दिवस कसे काढायचे हे शिकता येतं. चारचौघांत बसून शिकलं तर जास्त नीट शिकता येतं. आणि ही सोय आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याला हवी.

ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी संधिवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग घेतले. त्यातूनच पुढे सगळ्या जुनाट आजारांसाठी एक अभ्यासक्रम तयार झाला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अडीच तास. शिकवणारे दोघं, आणि त्यांनाही शक्यतो असाच एखादा आजार असतो. ब्रिटन सरकारने २००१ साली 'तज्ज्ञ रुग्ण' नावाचं धोरण जाहीर केलं आणि याच धर्तीवरचे वर्ग सरकारी आरोग्यसेवेत आणले. ते नाव मला फार आवडतं. आपल्या आजाराची खडान् खडा माहिती ज्याला आहे तो रुग्णच, मग त्याला तज्ज्ञ का म्हणू नये? आपल्या शेजारी गोव्यातही मोठं काम झालं आहे. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. त्याचा चांगला उपयोग झाल्याचं २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बैठका एकेकाशी होत्या, गटात नव्हत्या. पण साध्या माणसाला हे काम जमतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता वर्गात नेमकं काय होतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की तिथे सगळे गोल बसून रडत असतील. रडू येतं कधीकधी, त्याला मनाई नाही. पण बराचसा वेळ कामात जातो, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे आठवड्याचा बेत.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आमच्याकडे येत. ऑक्टोबरची छाटणी झालेली, म्हणजे बागेला माणूस हवाच असा काळ, आणि हे अंथरुणातून उठत नव्हते. बाग गडी आणि मालकीणबाई बघत होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी बेत सांगितला, "रोज सकाळी सगळ्या बागेला फेरी मारणार बघा."

माझ्या सहकाऱ्याने विचारलं, "काका, शून्य ते दहामध्ये सांगा, हे होईल असं किती वाटतंय?"

बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "चार."

"मग थोडं कमी करूया. काय काढायचं?"

"एकच ओळ चालतो. चहा झाल्यावर. सोमवार, बुधवार, शनिवार."

"आता किती?"

"आठ."

तेव्हा तो बेत भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहिला गेला. आमचा नियम असा की सातच्या खालचा बेत लिहायचा नाही. काय करणार, किती, कधी आणि आठवड्यातून किती वेळा, हे चारही ठरलं पाहिजे. "जरा व्यायाम करीन" हा बेत होत नाही. आणि बेत स्वतःला हवा तो. बायकोला, सुनेला, डॉक्टरांना हवा तो नाही.

पुढच्या आठवड्यात काका आले तेव्हा दोन दिवस झाले होते, शनिवार राहिला होता. "का नाही झालं?" असं कुणी विचारलं नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "शनिवारी काय आडवं आलं?" त्यांनी सांगितलं की पाहुणे आले, आणि पाहुण्यांसमोर उठून बाहेर जाणं नको वाटलं. मग चार जणांनी चार उपाय सुचवले. काकांनी त्यातला एक उचलला, बाकीचे सोडून दिले. कुणाला वाईट वाटलं नाही.

एक ओळ चालून काय होणार, असं तुम्हाला वाटेल. या आजारात इच्छाच आधी जाते. बरं वाटलं की उठू, असं म्हणून माणूस पडून राहतो. पडून राहिल्याने कामं साठतात, माणसं तुटतात, त्याने आणखी खचतो, आणि मग उठणं अजून अवघड होतं. ही साखळी मनाच्या बाजूने तुटत नाही, कारण मन आपल्या हातात नसतं. पाय बऱ्याचदा असतात. म्हणून आधी छोटी कृती, मन मागाहून. मानसोपचारातही या पद्धतीला मान्यता आहे. गटात ती जास्त नीट पार पडते, कारण बेत सांगितलेला असतो आणि पुढच्या रविवारी विचारणारं कुणीतरी असतं.

दुसरं काम धोक्याच्या खुणांचं. आजार परत येण्याआधी प्रत्येकाला काहीतरी आधी कळतं. कुणाची झोप पहाटे तीनला मोडते. कुणी फोन उचलायचं सोडतं. एका ताईंनी लिहिलं होतं, "मी देवघर पुसायचं टाळते." ही खूण डॉक्टरांच्या कुठल्याही यादीत सापडणार नाही, ती त्यांची एकटीची आहे. प्रत्येकाने आपल्या खुणा कागदावर लिहायच्या, आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला तो कागद द्यायचा : यातलं दोन-तीन दिसलं तर मला सांग, आणि डॉक्टरांकडे घेऊन चल.

गोळ्यांबद्दलही खूप बोलणं होतं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून अनेकजण सोडतात. त्याहून जास्त लोक बरं वाटलं की सोडतात. खरं तर बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, आजार वारंवार येत असेल तर त्याहून जास्त. आणि मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात. हे डॉक्टर सांगतातच. पण समोर बसलेली बाई जेव्हा म्हणते, "मी सोडून बघितल्यात, माझं काय झालं ते सांगते", तेव्हा ते पोहोचतं.

आता अडचणीचं बोलते. आपली शहरं लहान. आयर्विन पुलावर उभं राहिलं तर पाचातला एक ओळखीचा निघतो. कुणाची सून, कुणाचा जावई, लगेच कळतं. त्यामुळे मिरजेची माणसं सांगलीतल्या गटाला येतात, आणि सांगलीची माणसं विचारतात, "मिरजेत काही आहे का?" हे मी चेष्टेने सांगत नाही, ही भीती खरी आहे. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घरातला आजार लपवावा लागतो, हे आजही चालतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून शब्द घेतला जातो : खोलीतलं खोलीत. बाहेर भेटलो तर समोरच्याने आधी ओळख दाखवली तरच बोलायचं. आडनाव सांगायची सक्ती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण गटात तो कायद्यापेक्षा माणसांच्या शब्दावर टिकतो.

आणि हा वर्ग उपचाराच्या जागी नाही, हे स्पष्ट सांगते. ज्याला जीव नकोसा झाला आहे, ज्याचं खाणंपिणं सुटलं आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याने आधी डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. १४४१६ हा सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. वर्गाने सगळ्यांना गुण येतो असंही नाही. काहीजण दोन वेळा येतात आणि थांबतात. जे टिकतात त्यांच्यातही फरक हळूहळू दिसतो.

पण निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की नैराश्य असलेल्या शंभरांतले सुमारे पंच्याऐंशी जण उपचाराविनाच आहेत. तेवढे मानसोपचारतज्ज्ञ जत, आटपाडी, कवठेमहांकाळला लगेच येणार नाहीत. आपल्या बायकांनी बचत गट गावोगाव उभे केले, हिशोब शिकल्या, बँकेत बोलायला शिकल्या. त्याच गावांत महिन्यातले काही तास एक खोली मिळाली, दहा-बारा खुर्च्या, एक मोठा कागद आणि प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं मिळाली, तर हा वर्ग उभा राहतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाने, ग्रामीण रुग्णालयांनी, आशाताईंनी आपल्याकडच्या रुग्णांना तिकडे पाठवायला मात्र हवं.

तुमच्या घरात कुणाची गोळी चालू असेल, तर पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना एवढं विचारा, "अशा रुग्णांचा गट जवळपास आहे का?" नाही म्हणाले तर त्यांनाच सांगा की असा गट निघाला तर आम्ही येऊ. असं विचारणारे पाच-सहा जण त्यांच्या वहीत जमले की डॉक्टरांना आमच्यासारख्या गटाला फोन करायला कारण मिळेल. नमस्कार.