शिक्क्याखालचा नहपान

(दृश्य: तळहातावर चांदीचं छोटं नाणं. कॅमेरा जवळ जातो.)

हे नाणं उजेडाकडे जरा तिरकं धरूया. वर उमटलेली तीन कमानींची, डोंगरासारखी आकृती लगेच दिसते. आता तिच्या कडेने बघा. नाक, डोळा, कपाळावरची केसांची रेघ... हा राजा नहपान. क्षहरात घराण्यातला शेवटचा.

हे क्षहरात म्हणजे शक. मूळचे मध्य आशियातले. वायव्येकडून उतरत उतरत त्यांनी भडोच, सोपारा, नाशिक, जुन्नर, कार्ले इथवर अंमल बसवला. कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंद त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे.

(दृश्य: नाशिक. त्रिरश्मी डोंगर, पांडवलेणी.)

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात भेटतो. डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्याचं इथे कोरलंय. मला मात्र त्याचा हिशेब फार आवडतो. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघाकडे, त्याने २,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवली. व्याज महिना शेकडा एक. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचं व्याज होतं २४०. आणि लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२. गुणून पाहा, एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही! परक्या घराण्याचा जावई इथल्या कोष्ट्यांवर एवढा विश्वास टाकतो, ही मला लढायांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी चालून आला. नहपानाच्या काळातला शेवटचा लेख जुन्नरचा, त्याचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६. पुढे शांतता. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा सुटते: उषवदाताच्या ताब्यातलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्या. शेत तेच, फक्त मालक बदलला.

(दृश्य: नाण्यांची रास.)

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नाण्यांचा साठा सापडला. नहपानाची १३,०००हून जास्त नाणी. त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला. चांदी वितळवली नाही, तशीच चालवली. म्हणून तर हरलेल्या राजाचा चेहरा आपल्यापर्यंत पोचला. चेहरेही एकसारखे नाहीत. कुठे भरलेले गाल, कुठे खोल गेलेले.

(दृश्य: तिसरं लेणं. लेखावरून सावकाश फिरणारा कॅमेरा.)

गौतमीपुत्र गेल्यावर त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी हा लेख कोरवला. मुलाबद्दल ती सांगते: 'खखरातवस निरवसेस करस'. क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा. आईचा अभिमान आहे तो, दगडात उतरलेला.

याच डोंगराला लागून थोडं चाललं की पुन्हा दहावं लेणं. ओवरीच्या दारावर एक छोटा लेख. लेखात शब्दही 'ओवरक' असाच आहे, आपल्या ओवरीच्या जवळचा. राजा क्षहरात क्षत्रप (क्षत्रप ही शक राज्यकर्त्यांची पदवी) नहपानाची मुलगी, दिनीकपुत्र उषवदाताची बायको दक्षमित्रा, हिची ही देणगी.

(दृश्य: लेखातलं दक्षमित्रेचं नाव. अक्षरं अजून वाचता येतात.)