नॉर्मन मिनेटा : महापौर ते वाहतूकमंत्री

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नोकरी करणाऱ्या लेकीसुनांकडे जाऊन आलेल्या तुमच्यापैकी काहींनी सॅन होजे विमानतळाच्या पाटीवर नॉर्मन मिनेटा हे नाव वाचलं असेल. त्यांच्याविषयी आज मला मनापासून बोलायचं आहे.

मिनेटा जन्मले सॅन होजेतच, १९३१ साली. आईवडील जपानहून आलेले. जपानशी युद्ध पेटलं आणि १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते! दहा वर्षांचा नॉर्मन स्काऊटचा गणवेश घालून, बेसबॉलची बॅट घेऊन आगगाडीपाशी आला. बॅटचा हत्यार म्हणून वापर होईल, असं सांगून पहाऱ्यावरच्या शिपायांनी ती काढून घेतली. पोर रडत वडिलांकडे धावलं.

हाच मुलगा १९७१ मध्ये सॅन होजेचा महापौर झाला. फळबागांचं ते गाव तेव्हा झपाट्याने वाढत होतं. वाहतुकीची कोंडी झाली की लोक महापौराला धारेवर धरत, पण रस्त्यांच्या पैशाच्या नाड्या वरच्या सरकारांच्या हातात. पुढे वीस वर्षं संसदेत असताना मिनेटांनी ही गोष्ट सोडली नाही. १९९१ च्या वाहतूक कायद्याने महानगरांना नियोजनात मोठा वाटा मिळाला, महामार्गांचा काही निधी रेल्वे-बसकडे वळवायची मुभा मिळाली. त्या कायद्यामागे मिनेटांचा हात मोठा होता. महापालिकेत चटके खाल्लेला माणूसच असं काम नेटाने करतो, असं मला वाटतं.

२००१ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी या डेमोक्रॅट नेत्याला वाहतूकमंत्री केलं. ११ सप्टेंबरला हल्ला झाला आणि आकाशातली साडेचार हजारांच्या आसपास विमानं काही तासांत उतरवण्यात आली. त्यानंतर मागणी सुरू झाली, की अरब आणि मुसलमान दिसणाऱ्या प्रवाशांना वेगळं काढून तपासा. मिनेटा ठाम राहिले. २१ सप्टेंबरला त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना बजावलं, की वंश, धर्म किंवा चेहरा बघून कुणाला विमानातून उतरवू नका. तपासणी कडक झाली, त्यासाठी नवी सरकारी यंत्रणा उभी राहिली, पण हा नियम त्यांनी ढिला पडू दिला नाही. छावणीतल्या मुलाला त्या खुर्चीत बसून याहून मोठं काय करता आलं असतं?

२००६ मध्ये ते पायउतार झाले. तोवर अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ हे खातं दुसऱ्या कुणीच सांभाळलं नव्हतं.