शेकरू जंगलातलंच वाटायला हवं, चिकटवलेलं नको!

नमस्कार मंडळी! आज एकाच गोष्टीवर बोलायचंय, कारण वाइल्डलाइफ पेंटिंग शिकताना बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. शेकरू मस्त जमतं, शेपटीचा केस न् केस काढलेला असतो, मागचं जंगलपण छान असतं, पण एकत्र बघितलं की वाटतं फोटो कापून चिकटवलाय.

का होतं असं? आपण प्राण्याला त्याचा पुस्तकातला रंग देतो म्हणून.

आता हे भीमाशंकरचं शेकरू बघा. पाठ तांबूस, पोट पांढरट. मग आपण काय करतो, पोटाला थेट टायटॅनियम व्हाइट. अहो पण ते उंच फांदीवर बसलंय, उजेड येतोय वरून, पोट सावलीत आणि खालच्या उन्हातल्या पानांचा हिरवा उजेड त्या पोटावर पडतोय, मग ते पांढरं राहीलच कसं? पटत नसेल तर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जा, उन्हातल्या गवतावर एक पांढरा कागद आडवा धरा आणि वाकून त्याची खालची बाजू बघा. तोच रंग पोटाला द्यायचा.

पाठ गडद आणि पोट फिकट असण्याचा फायदाच हा, वरचा उजेड पाठ उजळवतो, सावलीने पोट काळवंडतं, दोन्ही टोन जवळ येतात आणि प्राणी सपाट होऊन नजरेतून सुटतो. १८९६ मध्ये ॲबट थेअरने यावर लेख लिहिला, आणि हा माणूस चित्रकार होता, मला याचं फार कौतुक वाटतं!

तर पोटासाठी व्हाइटमध्ये थोडा सॅप ग्रीन, किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). मग मोबाइलवर चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, पोट अजून पाठीपेक्षा ठळक चमकत असेल तर आणखी उतरवा.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा रंगवताना मात्र हिरवा विसरा, तिथे उन्हाळ्यात वाळलेलं गवत, त्यामुळे पोटाखाली यलो ओकर (मातकट पिवळा). कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात स्केचिंग जरूर करा, पायांचे सांधे, मान कशी वळते हे तिथेच निवांत कळतं, फक्त तिथला उजेड उचलून जंगलात आणू नका.

आणि कडा! सगळीकडे कडक आउटलाइन नको. डोळा आणि फांदी धरलेली नखं तेवढी शार्प, शेपटीची कड ओल्या ब्रशने पानांत विरघळू द्या, रंग ओला असतानाच, वाळल्यावर ते जमत नाही.