गोळी आईची, बोल बाळाचे

"फिट येते हे सासरी बोलू नकोस हं." लग्न ठरलं की कितीतरी मुलींना घरातूनच असं बजावलं जातं. अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, लग्नाला आड येणारं कारण म्हणून असलेला उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच काढून टाकला गेला. तरी लालबागची चाळ असो की मुलुंडचा टॉवर, गोळ्यांची पट्टी अजून कपाटात साड्यांच्या घडीखाली दडलेली असते. मग त्या गोळीबद्दल डॉक्टरांना वेळेत विचारणार तरी कोण?

आणि विचारायलाच हवं. कारण सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. सोडियम व्हॅल्प्रोएट फिट चांगली रोखतं, पण गरोदरपणात ते बाळाच्या घडत्या मेंदूपर्यंत पोहोचतं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अभ्यासात अपस्मार असलेल्या आयांच्या मुलांची सहाव्या वर्षी चाचणी झाली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 97 भरला. लॅमोट्रिजिनसारखी इतर औषधं घेणाऱ्यांच्या मुलांचा 105 ते 108. शब्दांवरची पकड आणि स्मरणशक्ती यांतही व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांची मुलं कमी पडली. डोस मोठा, तसा धोका मोठा.

घरात हे कसं दिसतं? तीन वर्षांचं मूल. तहान लागली की आईचं बोट धरून तिला माठापाशी ओढत नेतं, पण "आई, पाणी दे" एवढंही जुळवून बोलत नाही. शेजारीण म्हणते, "अगं, मुलगे उशिराच बोलतात." याच वाक्यापायी मोलाचे महिने वाया जातात, याचं फार वाईट वाटतं. औषध घेतलेल्या प्रत्येक आईच्या मुलाला त्रास होतो असं नाही. पण शंका आली की तपासणी करून घ्यावी. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-भाषेची तपासणी होते.

एक गोष्ट मात्र करू नका. दिवस गेल्याचं कळताच घाबरून गोळ्या बंद करू नका. अचानक आलेली मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. औषध बदलायचं तर त्याला वेळ लागतो, म्हणून मूल हवं असं ठरवतानाच न्यूरोलॉजिस्टला भेटा. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच सुरू करायचं असतं. जाताना नवऱ्याला सोबत न्या. आणि बाळंतपणानंतर "गोळ्या चालू आहेत, अंगावर पाजू नकोस" असं कुणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा; बहुतेक औषधांवर पाजता येतं.