अठ्ठेचाळीस केस पेपर

(इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

डॉक्टर कॅन्सरवर बोलणार असं जाहीर झालं आणि मागच्या रांगेतले दोघं-तिघं चहाला उठले. उठू द्या. मी आज कॅन्सरपेक्षा कागदांबद्दलच जास्त बोलणार आहे.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. राजेंद्रनगरातल्या एक आजी दीड वर्षाच्या नातीला घेऊन आल्या. वाढदिवसाचा फोटो होता. फ्लॅशमुळे मुलीचा एक डोळा लाल आलेला, तुमचा-आमचा येतो तसा, आणि दुसरा पांढरट. आजी म्हणाल्या, "दिवेलागणीला हिचा डोळा मांजरासारखा चमकतो हो. घरात सगळे मला वेड्यात काढतात." आजी बरोबर होत्या. दृष्टिपटलाचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा. पंधरा-वीस हजार जन्मांमागे एखाद्या बाळाला होणारा. भूल देऊन तपासलं तेव्हा दुसऱ्या डोळ्यातही बारीक गाठ निघाली.

एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत? या साध्या प्रश्नावर एका माणसाने सबंध कर्करोगशास्त्राची दिशा बदलली. आल्फ्रेड नुडसन. जन्म १९२२, लॉस एंजेलिस. आधी डॉक्टर झाले, मग जीवरसायन आणि आनुवंशिकीत पीएच. डी. केली. पेशाने बालरोगतज्ज्ञ, म्हणजे आमच्यातलेच. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९४४ ते १९६९ या काळात आलेल्या रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ मुलांचे कागद त्यांनी काढले. पैकी २३ जणांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी, २५ जणांच्या एकाच डोळ्यात. १९७१ साली निबंध छापून आला तेव्हा त्यांचं स्वतःचं वयही ४८च होतं, हा आपला गमतीचा योगायोग.

त्यासाठी ना परीक्षानळी लागली, ना उंदीर. पाहिलं काय, तर निदान झालं तेव्हा मूल किती महिन्यांचं होतं. दोन्ही डोळ्यांच्या मुलांचं निदान लवकर होत होतं, आणि अजून निदान न झालेल्यांचं प्रमाण लॉगच्या आलेखावर मांडलं की सरळ रेषेत उतरत होतं, म्हणजे दर महिन्याला उरलेल्यांतला साधारण तेवढाच वाटा कमी होत होता. एका डोळ्याच्या मुलांची रेषा मात्र आधी रेंगाळायची आणि मग वाकायची. नुडसन म्हणाले, पहिल्या मुलांत एकाच घटनेची वाट पाहावी लागते, दुसऱ्यांत दोन घटनांची.

आपल्या जुन्या वाड्यांचं दार आठवा. वर एक कडी, खाली एक कडी. दोन्ही निघाल्याशिवाय दार उघडत नाही. दृष्टिपटलाच्या प्रत्येक पेशीला अशा दोन कड्या आहेत, एकाच जनुकाच्या दोन प्रती. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. काही बाळं जन्मतःच प्रत्येक दाराची एक कडी निघालेली घेऊन येतात. लाखो दारं, आणि प्रत्येक एकाच कडीवर. मग एक नाही, सरासरी तीन ठिकाणी दारं उघडतात, म्हणून दोन्ही डोळे. सरासरी तीन म्हटलं की हिशेबानेच शंभरातल्या पाचेक जणांत एकही उघडत नाही. 'आजोबांना काही नव्हतं, मग नातवाला कसं?' याचं उत्तर त्यात आहे. बाकीच्या मुलांत एकाच पेशीच्या दोन्ही कड्या आपसूक निघाव्या लागतात. ते क्वचित घडतं, उशिरा घडतं, एकाच जागी घडतं.

कर्करोग म्हणजे काहीतरी जास्तीचं पेटणं, असंच तोवर बरेच जण मानत. काहीतरी आवरणारं हरवल्यानेही तो होतो, हे या हिशेबातून पुढे आलं. १९८६मध्ये तेराव्या गुणसूत्रावरचं ते जनुक खरोखर हाती लागलं. १९९८चा लास्कर पुरस्कार, २००४चा क्योटो पुरस्कार हे सगळं नंतरचं. त्यांच्या पत्नी ॲना मेडोज याही बालकर्करोगतज्ज्ञ. बरी झालेली मुलं मोठेपणी कशी राहतात, त्यांना पुढे दुसरा कर्करोग का होतो, हा त्यांचा विषय. तोही जुन्या कागदांशिवाय होत नाही. नुडसन २०१६मध्ये गेले.

आता माझं दुखणं. मी ज्या रुग्णालयात उमेदवारी केली, नाव कशाला, तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये एका पावसाळ्यात पाणी शिरलं. भिजलेले गठ्ठे रद्दीत गेले. कुणाला हळहळ वाटली नाही; खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नाही. आणि जे वाचले त्यांत 'वय: अंदाजे दोन वर्षे' आणि 'डोळा: —'. ती रेघ माझ्याच अक्षरातली होती. अंदाजे दोन वर्षांचा आलेख निघत नाही हो.

त्या मुलीचा एक डोळा काढावा लागला, दुसरा वाचला. तिच्या रक्तात नेमकी कुठली कडी निघालेली आहे ते कळलं होतं. दोन वर्षांनी तिला भाऊ झाला. आधीच्या काळी अशा भावंडाला दर काही आठवड्यांनी भूल देऊन तपासावं लागायचं, काही वर्षं. याचं रक्त पाठवलं. दोन्ही कड्या जागेवर होत्या. आजींनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "म्हणजे याला आता परत आणायचं नाही?" मी म्हटलं, "लशींना आणा."